सरकारी कागद हाती लागला, आता काय करायचं?

मागच्या आठवड्यात आमच्या तालुक्यातल्या एका पोराचा रात्री साडेदहाला फोन. "दादा, एक कागद हाती लागलाय, ऑफिसातलाच आहे, लई मोठा घोळ आहे, टाकू का ग्रुपवर?" मी म्हणलं बाबा आधी मोबाईल खाली ठेव अन् मला एवढंच सांग, हा कागद तुझ्यापर्यंत पोचवू शकतील अशी माणसं त्या ऑफिसात किती? तो मोजून म्हणला, तीन. म्हणलं मग तू ग्रुपवर टाकल्यावर साहेबाला त्या तिघातला एक हुडकायला किती वेळ लागल? पोरगं गप.

पुढं पाऊण तास बोललो. तेच इथं लिहून ठेवतोय, कारण महिन्यातून एकदा तरी कुणी ना कुणी हेच विचारतं. मी वकील नाही, पंधरा-सोळा वर्षं माहिती अधिकाराचे अर्ज टाकत आलेला माणूस आहे, तेव्हा जिथं वकील लागतो तिथं वकीलच गाठायचा.

आधी माझी चूक सांगतो. साल २०१६, ज्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेच. आमच्याकडं टँकर चालू होते, अन् एका क्लार्कनं मला खेपांच्या रजिस्टरच्या एका पानाचा फोटो पाठवला. त्या पानावर एका टँकरनं दिवसात एवढ्या खेपा मारल्या होत्या की तो रस्त्यानं नाही, आभाळातूनच जात असावा. मी रागाच्या भरात फोटो जसाच्या तसा तीन ग्रुपवर टाकला, वर दोन खरमरीत ओळी. संध्याकाळपर्यंत तालुकाभर झाला. अन् फोटोच्या कोपऱ्यात काय दिसत होतं, तर टेबलाची काच, काचेखाली गणपती अन् बाजूला स्टीलच्या डब्याचं झाकण. त्या ऑफिसात काचेखाली गणपती ठेवणारा माणूस एकच. तिसऱ्या दिवशी त्याचं टेबल बदललं, महिन्याभरात बदली, लेकरांची शाळा इकडं अन् बाप तिकडं. टँकरवाल्याला काय झालं? काहीच नाही, पुढच्या वर्षी परत त्याचेच टँकर. तो क्लार्क मला आजपर्यंत एका शब्दानं बोलला नाही, फक्त कुठं लग्नात दिसलो तर मान फिरवून जातो.

तेव्हापासून माझा नेम ठरला. फुटलेला कागद लोकांना दाखवायचा नाही, त्याच्यावरून तोच कागद सरकारकडून रीतसर मागून घ्यायचा. आपल्याकडं बोअर घ्यायच्या आधी पाणाड्या बोलावतात ना, तसं आहे हे. नारळ कुठं उभा राहतो ते बघायचं, पण पाणी काही नारळातून काढत नसतात, मशीन लावूनच काढावं लागतं.

कागद आल्या आल्या काय करायचं

काही करायचं नाही, हेच पहिलं काम. फॉरवर्ड नाही, स्टेटस नाही, "उद्या स्फोट होणार" असली पोस्ट नाही. ज्यानं पाठवला त्याला परत फोन करून "अजून आहे का" असं पण विचारायचं नाही. कुणी दिला हे बायकोला, मित्राला, पत्रकाराला, कुणालाच सांगायचं नाही, अन् तुम्हाला स्वतःला माहीत नसलं तर अजून चांगलं.

मग शांतपणे कागद बघा, पण मजकूर नंतर, आधी कडा बघा. एकच पत्र पाच ठिकाणी जातं, खाली "प्रत माहितीस्तव" म्हणून यादी असते, अन् ज्या ऑफिसात ती प्रत पोचली तिथला आवक शिक्का, तारीख, कुणाची तरी आडवी सही त्यावर पडते. म्हणजे शिक्का बघितला की कागद कुठून फुटला हे साहेबाला जागेवर कळतं. पेनानं मारलेली खूण, नस्तीतला (म्हणजे फाइलीतला) पान नंबर, पंचिंगची भोकं, फोटोत आलेला अंगठा, टेबलक्लॉथ, सगळं बोलतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर लोकेशन वगैरे बऱ्यापैकी गळून जातं, पण तोच फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला तर मोबाईलचं मॉडेल, वेळ, कधी कधी जागा पण सोबतच जाते, हे लई जणांना माहीत नसतं.

अमेरिकेत २०१७ ला काय झालं बघा. रिॲलिटी विनर नावाच्या बाईनं गुप्तचर संस्थेच्या एका अहवालाची प्रिंट काढून पोस्टानं बातमीवाल्यांकडं पाठवली. त्यांनी खरं-खोटं करायला तीच प्रत सरकारी माणसाला दाखवली. कागदाला घडीची सुरकुती दिसली, म्हणजे प्रिंट काढून बाहेर नेलाय हे कळलं, मग प्रिंट कुणी कुणी काढली ते बघितलं तर सहाच माणसं निघाली, अन् त्यातल्या हिच्याच ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून त्याच बातमीवाल्यांना ईमेल गेलेला. सव्वापाच वर्षांची शिक्षा झाली तिला २०१८ मध्ये. तिथं सहा जण होते, आपल्या पंचायत समितीत तीनच असतात. म्हणून "खात्री करायला" म्हणून तो कागद घेऊन ग्रामसेवकाकडं, विस्तार अधिकाऱ्याकडं जाणं हा सगळ्यात मोठा येडेपणा.

अन् झेरॉक्सच्या दुकानात पण जाऊ नका बाबांनो. तहसीलसमोरचा झेरॉक्सवाला कुणाचा ना कुणाचा भाचा असतोच, कागद मशीनवर ठेवायच्या आधी वाचून होतो त्याचा. डॅनियल एल्सबर्गनं १९६९ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या गुप्त इतिहासाची सात हजार पानं झेरॉक्स केली ती रात्री रात्री ओळखीच्या माणसाच्या ऑफिसात बसून, स्वतःच्या लेकरांना मदतीला घेऊन. त्याच्यावर ११५ वर्षं आत जाईल एवढी कलमं लावली होती, ती केस १९७३ ला कोर्टानं सोडून दिली, कारण सरकारच्याच माणसांनी त्याच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या ऑफिसात चोरी केल्याचं बाहेर आलं. त्याचं नशीब म्हणा. आपल्या क्लार्कला एवढं नशीब कुठलं.

कागद कसला आहे ते ठरवा

लष्कर, सीमा, परदेश असलं काही असेल तर हात लावू नका, पुढं पाठवू नका, त्याच दिवशी वकिलाकडं जा. १९२३ चा गोपनीयतेचा कायदा इंग्रजांनी केलेला आहे, तो अजून जिवंत आहे, अन् त्यात देणारा पण अडकतो, घेणारा पण. हेरगिरीच्या कलमात चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. २००६ मध्ये प्रशासकीय सुधारणा आयोगानं हा कायदा काढून टाका म्हणून शिफारस केली होती, ती शिफारस आहे तिथंच आहे.

पण तालुक्याला जे कागद फुटतात ते असले नसतात. ते असतात रोहयोचे हजेरीपट, घरकुलाच्या याद्या, शेततळ्याच्या मोजमाप पुस्तिका, टँकर, पीकविमा, शाळेचा शालेय पोषण आहार. याच्यावर कुणीतरी "गोपनीय" असा लाल शिक्का मारून ठेवलेला असतो अन् आपण शिक्का बघूनच घाबरतो. शिक्क्यानं काही होत नाही. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम २२ म्हणतं की जुन्या गोपनीयतेच्या कायद्यापेक्षा हा कायदा वरचढ, अन् कलम ८(२) म्हणतं की लोकांचं हित मोठं असेल तर सूट दिलेली माहिती पण देता येते.

राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीचे कागद फुटले तेव्हा हीच भांडाभांडी झाली होती. मार्च २०१९ मध्ये सरकारी वकील सुप्रीम कोर्टात म्हणले की कागद चोरीचे आहेत, बघूच नका. १० एप्रिल २०१९ ला कोर्टानं ती हरकत फेटाळली, म्हणलं कागद पेपरात छापून आलेत, आम्ही बघणार. (पुढं नोव्हेंबरात त्या फेरविचार याचिकाच फेटाळल्या, ते पण सांगायला पाहिजे, नाहीतर लोक अर्धीच गोष्ट सांगतात.) म्हणजे कागद कसा आला याच्यापेक्षा कागदात काय आहे हे कोर्ट बघू शकतं. पण ते सुप्रीम कोर्ट झालं, तिथपर्यंत जायला तुमच्याकडं तेवढा पैसा अन् तेवढी वर्षं आहेत का, ते आधी बघा.

आता गंमत अशी की फुटलेल्या कागदातली निम्मी माहिती आधीच उघडी असते. रोहयोच्या वेबसाइटवर गावाचं नाव टाकलं की हजेरीपट दिसतो, कुणाच्या नावावर किती दिवस ते दिसतं. वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीनं कशावर खर्च केला ते ई-ग्रामस्वराजवर असतं. एकदा एका गावात मेलेला माणूस कामावर आहे असा "गुप्त" कागद माझ्याकडं आला होता, मी घरी बसून वेबसाइटवरून तोच हजेरीपट काढला, कुणाला विचारायची गरजच पडली नाही. तेव्हा आधी वीस मिनिटं मोबाईलवर शोधा.

अर्ज टाकायची रीत

वेबसाइटवर नसेल तर माहिती अधिकार. अर्ज जोडपत्र "अ" मध्ये, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय अन् दीडशे शब्दांच्या आत. का पाहिजे हे सांगायची गरज नाही, कलम ६(२) तेच म्हणतं, अन् समोरचा "कामून पाहिजे" म्हणून विचारल तर गुमान हसायचं.

खरी कला इथं आहे, नीट वाचा. हाती लागलेल्या पत्राचा जावक क्रमांक अन् तारीख अर्जात लिहायची नाही. लिहिली की संपलं, ते म्हणतात हा नंबर याला कुठून कळला. त्या एका दिवसाचं पान मागू नका, तीन महिन्यांचं रजिस्टर मागा. एका गावाचं मागू नका, सात-आठ गावांचं मागा. "अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अमुक मंडळातल्या सर्व टँकरच्या खेपांच्या नोंदवहीच्या प्रमाणित प्रती", बास. जास्तीची पानं दोन रुपयांनी येतील, शंभर-दोनशे रुपये जातील, जाऊ द्या, ते त्या माणसाच्या नोकरीपुढं काहीच नाहीत. अन् शक्यतो अर्ज तुमच्या नावानं नको, पुण्यात नाहीतर संभाजीनगरला असलेला मावसभाऊ पण टाकू शकतो, कुठलाही नागरिक कुठंही टाकू शकतो. घरचा पत्ता द्यायची भीती असेल तर कलकत्ता हायकोर्टानं २०१३ ला सांगितलंय की पोस्ट बॉक्स नंबर दिला तरी चालतो, घरच्या पत्त्याचा हट्ट धरू नये.

अजून एक सोपा रस्ता, लई कमी लोक वापरतात. राज्य सरकारच्या २०१८ च्या एका निर्णयानं जिल्हास्तरावरच्या ऑफिसात दर सोमवारी दुपारी तीन ते पाच कागद बघायला मिळतात, त्याला अर्ज पण लागत नाही. जाऊन चार वेगवेगळ्या नस्त्या मागायच्या, त्यातली तिसरी आपली. बघणाऱ्याला कळत नाही तुमचा डोळा कुठं आहे. कायद्यात तर कामाची पाहणी करायचा, सिमेंट-खडीचा प्रमाणित नमुना घ्यायचा पण हक्क आहे, शेततळ्याच्या, रस्त्याच्या प्रकरणात तो कागदापेक्षा भारी पडतो.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही की पहिलं अपील, वीस रुपयांचं स्टॅम्प, तीस दिवसांच्या आत. तिथं पण नाही तर नव्वद दिवसांच्या आत माहिती आयोगाच्या खंडपीठाकडं दुसरं अपील, आपल्या मराठवाड्याला छत्रपती संभाजीनगरचं. तिथं तारीख यायला किती दिवस लागतात ते विचारू नका, माझं एक अपील लागलं तोवर तो अधिकारी रिटायर होऊन शेतात मोसंबी लावून मोकळा झाला होता. "नस्ती गहाळ आहे" असं उत्तर आलं तर खचू नका, उलट खूश व्हा, महाराष्ट्राचा २००५ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, कागद गायब करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, अपिलात तेवढं एक वाक्य लिहिलं की निम्म्या वेळा नस्ती सापडते. प्रत्येक कागदाची पोच घ्या, शिक्का अन् तारखेसकट. "साहेब जेवायला गेलेत, ठेवून जा" म्हणले तर ठेवून यायचं नाही, बसून राहायचं.

प्रमाणित प्रत हातात आली की मग छापा, दाखवा, ग्रामसभेत वाचा, काय करायचं ते करा. आता तो कागद तुम्हाला सरकारनंच दिलाय, फुटला कुठं?

एक मात्र करा, मजुरांचे आधार नंबर, बँक खाते नंबर काळे करून मगच दाखवा. २०११ मध्ये विकिलीक्स या गुप्त कागद बाहेर काढणाऱ्या वेबसाइटनं अमेरिकन दूतावासांच्या तारा, म्हणजे गुप्त संदेश, नावं न झाकता सगळ्याच्या सगळ्या बाहेर सोडल्या तेव्हा त्यांच्या बाजूच्या पेपरवाल्यांनी पण हात वर केले होते. साहेब उघडा पडावा म्हणून कामावर आलेल्या बायांचं खातं चव्हाट्यावर, असं व्हायला नको.

तुम्ही स्वतः आतले असाल तर

हे वाचणाऱ्यात कुणी क्लार्क, ग्रामसेवक, इंजिनिअर असेल तर थोडं वेगळं सांगतो. केंद्राचं खातं असेल, बँक, रेल्वे, हायवे, तर २००४ पासून केंद्रीय दक्षता आयोगाकडं नाव गुप्त ठेवून तक्रार करायची सोय आहे. बंद पाकीट, सचिवांच्या नावानं, पाकिटावर इंग्रजीत पीआयडीपीआय (PIDPI) लिहायचं, पाकिटावर स्वतःचं नाव नाही, नाव-पत्ता आतल्या पत्रात. निनावी चालत नाही. राज्याच्या नोकरांसाठी ती सोय नाही, तिथं लोकायुक्त आहे, लाचेचं असेल तर एसीबीचा १०६४ नंबर आहे.

ही सोय कशी आली ते लक्षात ठेवा. सत्येंद्र दुबे नावाचा हायवेचा इंजिनिअर, त्यानं थेट पंतप्रधान कार्यालयाला कंत्राटातला घोळ लिहून कळवला अन् नाव गुप्त ठेवा म्हणून विनंती केली. ते पत्र टेबलावरून टेबलावर नावासकट फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्याला गोळ्या घातल्या. म्हणून सांगतो, "गुप्त ठेवा" असं लिहिल्यानं काही गुप्त राहत नाही. साध्या अर्जात, साध्या ईमेलमध्ये नाव टाकून तक्रार करायची नाही, अन् एकदा उघड तक्रार केली की मग नाव गुप्त ठेवायचा प्रश्नच उरत नाही.

अन् जागल्यांना, म्हणजे आतला घोळ बाहेर सांगणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा? आहे ना. मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची सही झाली. लागू मात्र केलाच नाही अजून. लग्न ठरलं, पत्रिका छापल्या, नवरदेव आलाच नाही, असं ते प्रकरण.

जिवाला जपायचं

तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी, जमिनीचे व्यवहार बाहेर काढायचे, १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना खून झाला, त्याआधी त्यांनी पोलिस संरक्षण मागितलं होतं. तेव्हा रोज एकच रस्ता, एकच वेळ, एकच टपरी असं ठेवू नका. मिळालेल्या प्रमाणित कागदाच्या प्रती किमान तिघांकडं ठेवा अन् ठेवल्यात हे समोरच्याला कळू द्या, कारण एकट्याकडं कागद असला की त्या एकट्याला गप करणं सोपं असतं. धमकी आली तर त्याच दिवशी पोलिसात लेखी द्या, पोच घ्या, घेत नसतील तर एसपी ऑफिसला रजिस्टर पोस्टानं. अर्जदारावर हल्ला झाला तर त्यानं मागितलेली माहिती वेबसाइटवर टाकावी असा ठराव केंद्रीय माहिती आयोगानं २०११ ला केलाय, अर्जासोबत तो जोडून ठेवा, तेवढाच धाक. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचं अपहरण करून खून झाला, त्यानंतर बीड जिल्ह्यात कुणाला "घाबरू नका" म्हणायची माझी हिंमत होत नाही. घाबरा, पण घाबरून एकटे पडू नका.

ऑफिसात कधी एकटं जायचं नाही, जोडीनं जा, नाहीतर बाहेर येईपर्यंत "सरकारी कामात अडथळा, कर्मचाऱ्याला मारहाण" चा गुन्हा तयार असतो. लोक त्याला अजून जुन्या दंड संहितेतलं कलम ३५३ च म्हणतात, नव्या भारतीय न्याय संहितेत ते १३२ झालंय. साहेबानं "चहाला या, बसून मिटवू" म्हणलं तर जायचं नाही. गेलात की दुसऱ्या दिवशी तुम्ही खंडणीखोर. अन् खरं सांगायचं तर आपल्यातले काही जण आहेतच तसले, अर्ज टाकायचा, पैसे घ्यायचे, मागं घ्यायचा, त्यांनी बाकीच्यांचं नाव मातीत घातलं. म्हणून एकदा टाकलेला अर्ज मागं घ्यायचा नाही.

पारावरची भांडणं

कागद बाहेर आला की गावात दोन पार्ट्या पडतातच. एक म्हणते बरं झालं, दुसरी म्हणते ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी फितुरी. गुप्तचर संस्थेचे कागद फोडणाऱ्या स्नोडेनवरून अमेरिकेत २०१३ पासून हेच चालू आहे, देशद्रोही का शूर, अन् तो बसलाय रशियात. विकिलीक्सवाल्या असांजनं जून २०२४ ला गुन्हा कबूल केला तेव्हा कुठं सुटून घरी गेला.

मला विचारलं तर मी म्हणतो पगार देतो कोण? साहेब का तालुका? मीठ तालुक्याचं आहे. आपला मराठवाडा निजामात होता तेव्हा हैदराबादला "इमरोज" नावाचं उर्दू दैनिक चालवणारे शोएबुल्लाखान होते, रझाकारांच्या विरोधात लिहायचे, ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून केला, हात पण तोडला. रझाकारांच्या लेखी ते गद्दारच होते. महिनाभरात १७ सप्टेंबर उजाडला अन् गद्दार कोण ते बदललं. अन् जागल्या हा शब्द पण आपल्याच गावगाड्यातला आहे, रात्री गस्त घालणारा. त्याच्या जिवावर गाव झोपायचं, अन् बहुतेक ज्यांच्या गळ्यात हे काम असायचं त्यांनाच गाव वेशीबाहेर ठेवायचं. तेव्हा त्याला कसं वागवायचं ही सवय आपली जुनीच आहे.

भांडण ऐकायचं, पण त्यात "मला कुणी दिला माहितीये का" असं तोंडातून निघू द्यायचं नाही. निम्मी माणसं पारावरच पकडली जातात.

शेवटचं काम राहिलं. प्रमाणित प्रत आली की मूळ फोटो काढून टाका. गॅलरीतून, मग ट्रॅशमधून, गूगल फोटोजमधून, व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधून, अन् जुना मोबाईल पोराला खेळायला दिला असेल तर त्यातून पण. (पोलिसांची नोटीस आली असेल, केस चालू असेल, तर मात्र काहीच काढायचं नाही, तो पुरावा होतो, वकिलाला विचारा.) अन् ज्यानं कागद दिला त्याला "झालं बरं का काम" म्हणून फोन करू नका. त्याला पेपरात दिसेलच.